ओव्हनमध्ये कार्बन वारंवार साचत असेल तर काय तपासावे

कोक ओव्हनच्या (कोळसा हवेशिवाय तापवून कोक करणाऱ्या भट्टीच्या) छताला, भिंतींना आणि स्टँडपाईपला (वायू वर नेणाऱ्या नळाला) कार्बन धरणे हे बॅटरीवर (ओव्हनांच्या रांगेवर) काम करणाऱ्या कोणालाही नवे नाही, आणि थोडा कार्बन असणे हा दोषही नाही. विटांच्या सांध्यांतील बारीक फटी तोच बुजवतो आणि कच्चा वायू हीटिंग फ्ल्यूत (भिंतींमधल्या, ज्वालेने ओव्हन तापवणाऱ्या पोकळ्यांत) शिरू देत नाही. दोष म्हणायचा तो याला, की एखादा ओव्हन जाळून साफ करावा आणि आठ-दहा दिवसांत त्याचा पुश (तयार कोक बाहेर ढकलणे) पुन्हा जड व्हावा. असे ओव्हन मी बरेच हाताळले आहेत. त्यांतल्या बहुतेकांत कार्बन काढण्याचे काम सोपे होते आणि तो का येतो हे शोधण्याचे काम राहून गेलेले होते. पुढील विवेचन सिलिका विटांच्या, वरून कोळसा भरल्या जाणाऱ्या आणि वायू गोळा करून उपपदार्थ काढणाऱ्या अरुंद ओव्हनांना लागू आहे. ज्या ओव्हनांत वायू आतच जाळला जातो, त्यांची गोष्ट वेगळी आहे.

लक्षणे

सर्वांत आधी बोलतो तो पुशरचा (कोक ढकलणाऱ्या यंत्राचा) अँपिअर मीटर. निरोगी ओव्हनमध्ये कोकचा गठ्ठा जागचा हलताना विजेचा भार एकदम वर जातो आणि मग राम (पुशरचा ढकलणारा दांडा) पुढे सरकेल तसा उतरत जातो. हा उतार मध्येच थांबून दुसरा उंचवटा दिसू लागला, किंवा भार शेवटपर्यंत उतरलाच नाही, तर छताला किंवा भिंतीला कार्बन घासत असल्याची शंका घ्यावी. येथे ओव्हनची रचना लक्षात ठेवावी लागते. पुशर बाजूपेक्षा कोक बाजूची (जिकडून कोक बाहेर पडतो तिची) रुंदी साधारण 50 ते 75 मिलिमीटरने जास्त ठेवलेली असते, म्हणजे कोक पुढे सरकताना त्याला जागा मिळत जाते. फरक 60 मिलिमीटरचा असेल तर प्रत्येक भिंतीच्या वाट्याला 30 मिलिमीटरच येतात. कोक बाजूला दोन्ही भिंतींवर 20-20 मिलिमीटर कार्बन बसला की त्या उताराचा दोन तृतीयांश भाग गेला, आणि बाहेरून पाहणाऱ्याला भिंती मात्र ठीक दिसतात.

दुसरे लक्षण चार्जिंगच्या, म्हणजे कोळसा भरण्याच्या, वेळी दिसते. चार्जिंग होलच्या (छतातील कोळसा भरण्याच्या भोकाच्या) गळ्यात कार्बन वाढला की कोळसा हॉपरमधून रखडत उतरतो, लेव्हलर बार (कोळसा सपाट करणारा दांडा) वर कशाला तरी आपटल्याचा आवाज येतो आणि चार्ज (भरलेला कोळसा) कमी पडतो. तिसरे लक्षण म्हणजे चार्जिंगनंतरच्या पहिल्या काही तासांत दारांतून आणि झाकणांतून नेहमीपेक्षा जास्त धूर येणे, कारण स्टँडपाईप किंवा गूजनेक (त्याच्या वरचा वाकलेला भाग) अर्धवट बुजला की वायूला दुसरी वाट उरत नाही. चौथे लक्षण पुशनंतर कोकमध्ये सापडते. पाटीसारखे सपाट, करडे, चकाकणारे तुकडे दिसले तर तो छताचा किंवा भिंतीचा कार्बन गळून पडला आहे.

या लक्षणांशी मिळतीजुळती दोन दुखणी आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते. कोक पुरता शिजलेला नसेल तर तो भिंतीपासून आक्रसून सुटत नाही आणि सुरुवातीचा भारच मोठा येतो. अशा वेळी दार उघडताच काळपट पट्टे आणि पिवळसर धूर दिसतो. भिंत आत फुगली असेल तर भार दर पुशला नेमक्या त्याच ठिकाणी वाढतो आणि कार्बन जाळूनही त्यात फरक पडत नाही. या दोन्ही दुखण्यांवर कार्बन जाळणे हा उपाय नाही, आणि फुगलेल्या भिंतीवर तर तो अपाय आहे.

कार्बन येतो कोठून

कोळसा तापू लागला की त्यातून डांबराची वाफ, मिथेन आणि इतर हायड्रोकार्बन बाहेर पडतात. ते चार्जच्या वरच्या मोकळ्या जागेतून स्टँडपाईपकडे जातात. ही जागा साधारण 800 ते 850 अंश सेल्सिअसच्या वर गेली की हायड्रोकार्बन तुटू लागतात, हायड्रोजन वायूबरोबर निघून जातो आणि कार्बन तप्त विटेवर बसतो. म्हणून प्रश्न दोनच उरतात: वायू त्या जागेत किती वेळ राहतो, आणि ती जागा किती गरम आहे. पुढील प्रत्येक तपासणी यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर शोधते. अपवाद फक्त कोळशाच्या धुळीचा. ती वायूबरोबर उडून डांबराला चिकटते आणि कार्बनला पाया पुरवते.

पहिली तपासणी: नोंदवही

यासाठी कागद आणि अर्धा तास पुरतो, तरी बहुतेक जण येथूनच सुरुवात करत नाहीत. मागील महिन्याभरातील प्रत्येक ओव्हनचा पुशिंगचा सर्वोच्च भार ओव्हनच्या क्रमांकापुढे लिहावा आणि नमुना पाहावा. एकच ओव्हन त्रास देत असेल तर कारण त्याच्या स्टँडपाईपमध्ये, त्याच्या चार्जमध्ये किंवा त्याच्या दोन भिंतींत आहे. शेजारचे दोन ओव्हन एकदम बिघडले असतील तर त्यांच्यामधली सामाईक भिंत पाहावी. सगळी बॅटरी जड झाली असेल तर कोळसा, एकूण तापमान किंवा कलेक्टिंग मेनचा (सर्व ओव्हनांचा वायू गोळा करणाऱ्या मुख्य नळाचा) दाब यांपैकी काहीतरी बदलले आहे, आणि तेव्हा एकेक ओव्हन जाळत बसण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बॅटरीचा आकडा घेऊन आपली मर्यादा ठरवू नये. यंत्र, उंची आणि कोळशाचे मिश्रण वेगळे असते, त्यामुळे तुलना त्या ओव्हनच्या स्वतःच्या चांगल्या दिवसांशी करावी.

एका बॅटरीवर आम्ही जवळजवळ महिनाभर अनेक ओव्हन आलटूनपालटून जाळत होतो. कार्बन दरवेळी कोक बाजूच्या अर्ध्या छतालाच धरत असे. कोणीतरी नोंदी मांडल्या तेव्हा लक्षात आले की त्रास सुरू झाला तो चार्जिंग कार (कोळसा आणून भरणारी गाडी) दुरुस्त होऊन आल्यानंतर. कोक बाजूच्या हॉपरचे माप ठरवणारी बाही दुरुस्तीत खाली बसवली गेली होती, त्यामुळे त्या होलमधून दर वेळी कोळसा कमी पडत होता. बाही वर घेतली, त्याला दोन तास लागले. मधल्या महिन्यात विटांनी सोसले त्याचा हिशेब कोणी केला नाही.

दुसरी तपासणी: चार्जची उंची आणि लेव्हलिंग

वरील प्रसंगामुळे नव्हे, तर कारणांमध्ये हेच सर्वाधिक आढळते म्हणून मी याला दुसरे स्थान देतो. चार्ज कमी पडला की दोन गोष्टी एकदम घडतात. मोकळी जागा वाढल्याने वायू तेथे जास्त वेळ रेंगाळतो, आणि भिंतीचा जो भाग कोळशाने झाकून थंड ठेवायला हवा तो उघडा पडून वायूला तापवतो. मग छताचा कार्बन वाढतो, चार्जिंग होल अरुंद होते, कोळसा आणखी रखडतो आणि पुढचा चार्ज आणखी कमी पडतो. हे चक्र एकदा फिरू लागले की आपोआप थांबत नाही.

लेव्हलिंग पूर्ण झाल्यावर प्रत्येक होलमधून खुणा केलेली सळई सोडून कोळशाचा माथा छतापासून किती खाली आहे ते मोजावे. अनेक ओव्हनांत हे अंतर 300 मिलिमीटरच्या आसपास ठेवलेले असते. आपल्या रचनेचा आकडा आराखड्यातून घ्यावा. सर्व होलांखाली अंतर सारखे असणे सरासरी बरोबर असण्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण एका होलखाली ढीग राहिला तर वायूची वाट तेथे बंद होते आणि पलीकडचा वायू कोंडतो. चार्जचे वजन मिळत असेल तर तेही पाहावे. 15 मीटर लांब आणि 450 मिलिमीटर रुंद ओव्हनच्या छताला 50 मिलिमीटर कार्बन धरला तर सुमारे एक तृतीयांश घनमीटर जागा जाते, म्हणजे दर चार्जला साधारण पाव टन कोळसा कमी. तेव्हा घटत जाणारे वजन हे कार्बनचे कारण असते तसेच त्याचा परिणामही असू शकतो. आधी काय घडले ते नोंदवहीच सांगते.

तिसरी तपासणी: स्टँडपाईप, गूजनेक आणि फवारे

गूजनेकमध्ये फ्लशिंग लिकरचा (वायू थंड करण्यासाठी फवारल्या जाणाऱ्या द्रवाचा) फवारा वायूला 700-800 अंशांवरून 80-85 अंशांपर्यंत खाली आणतो. नोझल बुजले किंवा फवारा एका बाजूला झुकला की कोरड्या राहिलेल्या बाजूला डांबर शिजून घट्ट होते आणि त्यावर कार्बन चढतो. नोझल काढून साफ करणे हे स्वस्तातले काम आहे, आणि त्याने काही ओव्हन बरे झालेले मी पाहिले आहेत. फवारा वायूच्या संपूर्ण मार्गावर पसरतो आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. लिकर वाहत असल्याचा नुसता आवाज पुरेसा नाही.

चार्जिंगच्या वेळी वायू आत ओढणारी वाफ किंवा उच्च दाबाचा लिकर यांच्याकडे त्यानंतर वळावे. ओढ कमी पडली तर धूर बॅटरीच्या माथ्यावर येतो आणि त्याची तक्रार लगेच होते. ओढ जास्त झाली तर कोणी तक्रार करत नाही, पण कोळशाची धूळ स्टँडपाईपमध्ये आणि मेनमध्ये खेचली जाते, डांबर जड होते आणि कार्बनचा थर झपाट्याने वाढतो. धूर दिसू नये म्हणून ओढ वाढवून ठेवणारी शिफ्ट मला नेहमी भेटते. त्यांचा हेतू चांगला असतो. चार्जिंग संपताच ही ओढ बंद केली जाते की नाही, हेही पाहावे. मेनचा दाब बॅटरीसाठी ठरवलेल्या पातळीवर हवा. कोकिंगच्या अखेरीस ओव्हनच्या तळाशी दाब किंचित का होईना धनच राहायला हवा, नाहीतर दारांच्या फटींतून हवा आत येते आणि दाराजवळच्या विटा जळतात.

चौथी तपासणी: कोळसा

मिश्रण बदलले आहे का, हे प्रयोगशाळेला विचारावे. ओलावा घसरला की धूळ वाढते आणि चार्जचा माथा लवकर तापतो. बाष्पशील पदार्थ वाढला की तुटायला उपलब्ध असलेला वायूच वाढतो. दळण गरजेपेक्षा बारीक झाले तरी धूळ वाढते. येथे फोरमनच्या हातात फारसे काही नसते, पण बदलाची तारीख आणि त्रास सुरू झाल्याची तारीख शेजारी ठेवून वरिष्ठांपुढे मांडता येते, आणि तेवढ्याने पुष्कळ वाद मिटतात.

पाचवी तपासणी: तापमान

ही तपासणी उशिरा येते, कारण तिच्यात वेळ जातो आणि तिच्या आधारे केलेला बदल साऱ्या बॅटरीला भोगावा लागतो. फ्ल्यूचे तळाचे तापमान बरोबर असूनही छत तापलेले असू शकते. ज्वाला लांब झाली, हवेचे प्रमाण बदलले किंवा वायूचे मिश्रण पातळ झाले की उष्णता वर सरकते. म्हणून मोकळ्या जागेचे तापमान चार्जिंग होलमधून तापमापक सोडून वेगळे मोजावे आणि कोकिंगच्या सुरुवातीला, मध्यावर व अखेरीस अशी किमान तीन मापे घ्यावीत. एकाच मापावरून निर्णय घेऊ नये. उत्पादन कमी केल्यावर कोकिंगची वेळ वाढवली, पण फ्ल्यूचे तापमान जुनेच ठेवले, तर चार्ज लवकर शिजून उरलेला वेळ छत तापत राहते. मंदीच्या काळात कार्बनच्या तक्रारी वाढतात त्यामागे अनेकदा एवढेच असते. तापमान कमी करायचे ते थोडे थोडे आणि हीटिंगची जबाबदारी असलेल्या अभियंत्याच्या संमतीने.

कार्बन जाळून काढणे

कारण सापडले आणि दूर झाले, की आता साचलेला कार्बन काढायचा. कारण सापडले नाही तरी पुश अडण्याच्या बेतात असेल तर जाळावे लागतेच, मात्र तेव्हा हा तात्पुरता उपाय आहे हे वहीत लिहून ठेवावे.

पद्धत साधी आहे. पुश झाल्यावर रिकाम्या ओव्हनची दारे लावायची, ओव्हन कलेक्टिंग मेनपासून तोडायचा, स्टँडपाईपचे झाकण उघडायचे आणि चार्जिंग होलचे एखादे झाकण सरकवून हवा आत घ्यायची. क्रमातील तोडण्याची पायरी चुकवता येत नाही. मेनशी जोडलेल्या ओव्हनमध्ये हवा सोडली तर ती कच्च्या वायूत मिसळते, आणि कोक ओव्हन वायू हवेत अवघ्या 4-5 टक्क्यांपासून पेट घेऊ शकतो. झडप बंद असल्याचे दुसऱ्या माणसाने स्वतः पाहून सांगेपर्यंत झाकणाला हात लावू नये. होलच्या तोंडाशी वाकून पाहू नये, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहावे, चेहऱ्यावर ढाल आणि अंगावर कार्बन मोनॉक्साइडचा मापक असावा. त्या वायूत विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो आणि ओव्हनच्या धुराने कर्करोग होतो. या दोन गोष्टी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगाव्यात.

किती वेळ जाळायचे, यावर मतभेद आहेत. मी 15-20 मिनिटांनी थांबून पाहतो. एक किलो कार्बन जळताना सुमारे 33 मेगाज्यूल उष्णता निघते आणि तिचा बराच भाग जवळच्या विटेत जातो, म्हणून एकदाच तासभर जाळण्यापेक्षा दोन-तीन पुशनंतर थोडे थोडे जाळणे विटेला सोसते. थांबण्याची खूण ही, की कार्बनच्या मंद, सपाट पृष्ठभागातून विटांच्या सांध्यांच्या रेषा उजळून दिसू लागतात. रेषा स्पष्ट झाल्या की हवा बंद करावी. उमेदीच्या काळात मी एक ओव्हन पांढरा स्वच्छ होईपर्यंत जाळला होता आणि त्याचा मला अभिमानही वाटला होता. पुढचा चार्ज घातल्यावर चिमणीतून बराच वेळ काळा धूर येत राहिला, कारण सांध्यांत बसलेला कार्बनही मीच जाळून टाकला होता आणि कच्चा वायू थेट फ्ल्यूत जात होता.

रामच्या माथ्यावर खरवडणारी पट्टी किंवा दाबाच्या हवेची नोझल बसवलेली असतील तर छताचा ताजा, भुसभुशीत कार्बन दर पुशला निघतो आणि वेगळे जाळण्याची वेळ क्वचित येते. जुना, काचेसारखा कडक झालेला थर मात्र पहारीने फोडू नये. तो एकटा येत नाही, विटेचा टवका घेऊन येतो. स्टँडपाईपमध्ये सळईने खरवडणे चालते, कारण तेथे सिलिकाची भिंत नसते. तप्त विटेवर पाणी कोणत्याही कारणाने मारू नये. ओव्हन रिकामा ठेवून दार बराच वेळ उघडे सोडणेही तितकेच वाईट. सिलिका 573 अंशांना आणि पुन्हा 200 ते 270 अंशांच्या पट्ट्यात आपले रूप बदलते, त्यासरशी तिचे आकारमान झटकन बदलते आणि वीट तडकते. दाराजवळची वीट या पट्ट्याकडे सर्वांत आधी घसरते.

कोठे थांबावे

पुश एकदा अडला आणि राम मागे घेऊन दुसऱ्या प्रयत्नातही कोक हलला नाही, तर तिसरा प्रयत्न करू नये. भाराची मर्यादा तोडणारा स्विच बाजूला करून ढकलणे तर मुळीच नको. भिंत कोकच्या आडव्या दाबापुढे फार दुबळी असते आणि वाकलेली भिंत जाळण्याने सरळ होत नाही. अशा वेळी दाराजवळचा कोक हाताने काढून, तो आक्रसण्यासाठी वेळ देऊन, पुढचा निर्णय शिफ्टच्या अभियंत्याने घ्यावा.

फ्ल्यूच्या निरीक्षण टोपीतून काळा थर किंवा कोळशाचे कण दिसले, चार्जिंगनंतर चिमणीचा काळा धूर दोन-तीन चार्ज उलटूनही थांबला नाही, भिंतीत भोक, सुटलेली वीट किंवा सांध्याबाहेरची तड दिसली, किंवा भार नेहमी एकाच जागी वाढू लागला, तर कार्बनचे काम तेथेच सोडून रिफ्रॅक्टरीच्या (उष्णता सोसणाऱ्या विटांच्या) तज्ज्ञाला बोलवावे. अशा भिंतींची गरम अवस्थेत सिरॅमिक वेल्डिंगने दुरुस्ती होऊ शकते, पण ऑक्सिजनबरोबर भुकटी फवारण्याचे ते काम त्याचे प्रशिक्षण घेतलेल्या पथकाचेच आहे. ते पथक येईपर्यंत त्या ओव्हनला हवा देऊ नये, शेजारच्या दोन ओव्हनांचे पुश कोणत्या क्रमाने करायचे हे त्याच्याशी बोलून ठरवावे, आणि मागील नोंदींची प्रत तयार ठेवावी, कारण त्याचा पहिला प्रश्न भार केव्हापासून वाढला हाच असेल.